राजर्षी शाहू छत्रपती आणि डोंगरावरची रोपे

कोल्हापुराहून भोगावती नदीच्या खोऱ्यातून नैर्ऋत्येस सुमारे तीस मैल गेले म्हणजे राधानगरी हे गाव लागते. येथून पुढे दाजीपुराचे दाट रान सुरू होते आणि फोंड्याच्या घाटाने रस्ता कोकणात उतरतो. पावसाळ्यात ह्या मुलखात शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. हिवाळ्यात पहाटे धुके पडते व अंगावर कांबळे घेतल्यावाचून बाहेर पडवत नाही. जवळच फेजिवडे गावाशी भोगावतीवर मोठे धरण आहे. गावाचे नाव, धरण आणि धरणाखाली हिरवीगार झालेली शेते ही तिन्ही एकाच पुरुषाची आठवण करून देतात. तो पुरुष म्हणजे कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती होत. त्यांच्या कीर्तीची अनेक कारणे आपल्या वाचकांस ठाऊक असतीलच. परंतु ह्याच राजाने परमुलखातील झाडे आपल्या थंड डोंगरांवर उघड्यावर वाढविण्याची खटपट केली होती, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून त्यांचे चरित्र आज आपण त्या रोपांच्या अनुरोधाने पाहू.

प्रथम झाडांचा स्वभाव थोडा समजून घेतला पाहिजे. पीच नावाचे गोड, रसाळ व लवदार सालीचे फळ आपणांपैकी पुष्कळांनी बाजारात पाहिले असेल. फारशीत त्यास शफ्तालू म्हणतात. हे झाड मूळचे चीन देशातील. तेथून ते इराणात गेले व इराणातून युरोपात पोहोचले. म्हणून युरोपातील लोक पुष्कळ काळ त्यास इराणचेच समजत आणि त्याच्या शास्त्रीय नावातही इराणचेच नाव राहून गेले. ह्या झाडाची रीत मोठी चमत्कारिक आहे. हिवाळ्यात पाने गाळून ते झोपी जाते आणि ती झोप पुरी होण्यास त्यास कडक थंडी लागते. पारा सेंटिग्रेडच्या ७ अंशांच्या खाली आहे असे काही शेकडो तास त्यास मिळाले पाहिजेत; जातीप्रमाणे ही संख्या कमीअधिक असते. तेवढी थंडी न मिळाल्यास वसंतात झाड नीट जागे होत नाही. पालवी तुरळक फुटते, फुले गळून जातात आणि फळ धरत नाही.

बरे, थंडी अधिक असली म्हणजे सर्व साधते असेही नाही. पीचचा मोहोर लवकर येतो आणि त्यानंतर एका रात्री जरी हिम पडले, तरी सगळा मोहोर करपून जातो. म्हणून इंग्लंडसारख्या थंड देशातील माळी हे झाड दक्षिणेकडे तोंड असलेल्या विटांच्या भिंतीशी लावितात, त्याच्या फांद्या पंख्याप्रमाणे भिंतीवर पसरून बांधितात आणि मोहोराच्या दिवसांत रात्री त्यावर कापड सोडितात. दिवसा तापलेली भिंत रात्री झाडास ऊब देते. मोकळ्या जागी लावावयाचे असेल तर खोलगट जमीन टाळून उतार निवडावा लागतो. कारण थंड हवा जड असल्यामुळे पाण्याप्रमाणे वाहत जाऊन खोलगट भागात साचते. आपल्या देशात हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगरांत पीच चांगले येते. आपल्या सह्याद्रीवर मात्र थंडी कितीही झोंबरी वाटली, तरी ती ह्या झाडाच्या झोपेस पुरत नाही. आपणांस जी थंडी वाटते तीच झाडास थंडी वाटेल असे समजणे ही बागाइतीतील पहिली चूक होय.

ह्याच्या उलट स्वभावाची झाडेही आहेत. कॉफीला हिमाचा स्पर्श सोसत नाही. तिला डोंगराची उंची, मोठ्या झाडांची सावली आणि मार्च-एप्रिलमध्ये फुलोऱ्यासाठी एखाददुसरी वळवाची सर लागते. चहाला पाऊस भरपूर हवा, पण मुळाशी पाणी साचता कामा नये. म्हणून त्याचे मळे उतारावर असतात. त्याला आंबट गुणाची माती मानवते, आणि पावसात फार मोठा खंड पडल्यास तो सुकतो. बाबा बुदन नावाच्या फकिराने मक्केच्या यात्रेहून परत येताना कॉफीचे सात दाणे आणून म्हैसूरच्या डोंगरात पेरले अशी परंपरागत कथा आहे. ते डोंगर आजही त्याच्याच नावाने ओळखले जातात. परमुलखातील रोप असे कोठे रुजते, तर कोठे रुजतही नाही. महाबळेश्वरानजीक लिंगमळा येथे सरकारने एकोणिसाव्या शतकात सिंकोन्याची लागवड करून पाहिली. ह्या झाडाच्या सालीपासून हिवतापावरील क्विनाईन निघते. निलगिरीवर व दार्जिलिंगकडे ती झाडे जगली. महाबळेश्वरी मात्र काही वर्षांनी तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. तात्पर्य, रोप परके असणे हा दोष नव्हे. त्यास काय पाहिजे हे ओळखून ते पुरविण्यास कोणी सिद्ध आहे की नाही, हाच खरा प्रश्न असतो.

आता आपल्या चरित्रनायकाकडे वळू. शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी झाला. त्यांचे मूळचे नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे हे कागलचे जहागीरदार होते. मातोश्री राधाबाई ह्या मुधोळच्या घोरपडे घराण्यातील. यशवंतराव तीन वर्षांचे होण्याच्या आतच मातोश्री निवर्तल्या. पुढे कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगर येथे वारले आणि त्यांच्या राणीसाहेब आनंदीबाई ह्यांनी १७ मार्च १८८४ रोजी ह्या मुलास दत्तक घेतले. अशा रीतीने दहाव्या वर्षी कागलचे हे रोप कोल्हापूरच्या राजवाड्यात आले. तेथेही ते फार दिवस राहिले नाही. १८८५ मध्ये त्यांस काठेवाडात राजकोटच्या राजकुमार कॉलेजात धाडण्यात आले. तेथे असतानाच १८८६ मध्ये वडिलांचेही छत्र हरपले. त्यानंतर धारवाड येथे फ्रेझर नावाच्या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. फ्रेझरांनी त्यांस राज्यकारभाराचे धडे दिले व देशाटनही घडविले. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला आणि २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी राज्यकारभार हाती घेतला.

आईबापांविना, मुलखामागून मुलूख बदलीत वाढलेल्या ह्या मुलास लहानपणीच एक गोष्ट अनुभवाने कळली असली पाहिजे. ती ही की, मूल कोठे जन्मले ह्यापेक्षा त्यास पुढे कोणती माती व कोणाचे लक्ष मिळाले ह्यावर पुष्कळ अवलंबून असते. पुढील आयुष्यातील त्यांची कामे पाहिली म्हणजे असे वाटल्यावाचून राहत नाही.

गादीवर बसून दोन वर्षे होतात न होतात तोच १८९६ चा दुष्काळ आला आणि पाठोपाठ प्लेगाची साथ आली. महाराजांनी राज्यात स्वतः दौरे काढिले, स्वस्त धान्याची दुकाने उघडली, निराश्रितांसाठी आश्रयगृहे स्थापिली, शेतकऱ्यांस तगाई दिली, गुरांच्या चाऱ्यासाठी राखीव राने मोकळी केली. दुष्काळी कामावर येणाऱ्या बायकांची लहान मुले उन्हात तळमळत, म्हणून त्यांस सांभाळण्याचीही सोय त्यांनी केली. ह्या दौऱ्यांत आपल्या राज्याचे एक मोठे कोडे त्यांच्या नजरेस आले. पश्चिमेच्या घाटात शंभर इंचांहून अधिक पाऊस, कोल्हापूर शहरात सुमारे चाळीस इंच, आणि पूर्वेकडे जावे तो तो आणखी कमी! शिवाय जो काही पाऊस पडावयाचा तो चार महिन्यांत पडून नद्यांवाटे वाहून जावयाचा, आणि उरलेले आठ महिने शेतकऱ्याने आभाळाकडे पाहत बसावयाचे.

ह्या कोड्याचे उत्तर शोधताना महाराजांची दृष्टी दोन बाजूंस गेली. एक, डोंगराळ भागात जे पीक कधी घेतले गेले नाही ते तेथे येईल काय, हे पाहणे. दुसरी, वाहून जाणारे पाणी अडविणे.

कोल्हापूरच्या पश्चिमेकडील डोंगराळ पेठांत तांबडी जांभ्याची जमीन आहे. ती आंबट गुणाची असते आणि तीत पाणी साचून राहत नाही. पन्हाळा समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंच. हवा थंड, पण हिम मात्र नाही. पीचसारख्या झाडास ही जागा निरुपयोगी; परंतु चहा व कॉफी ह्यांस जे पाहिजे त्यातील पुष्कळ येथे होते. महाराजांनी हे हेरले आणि पन्हाळ्यावर चहाची लागवड करविली. डोंगरी भागात कॉफीचे, तसेच रबर व वेलदोडे ह्यांचेही प्रयोग करविले. आपल्या राज्यातील डोंगर नुसत्या नाचणीवर व गवतावर राहू नयेत, तेथील गरीब रयतेस वर्षभर काम मिळावे व बाहेर जाणारा पैसा राज्यात राहावा, हा हेतू ह्या खटाटोपाच्या मुळाशी होता. ह्याच धोरणाने त्यांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसविली. ती गुळाच्या व्यापारासाठी पुढे देशभर नावाजली. १९०६ मध्ये सूत काढण्याची व कापड विणण्याची गिरणी सुरू केली. १९१२ मध्ये शेतकऱ्यांस नवी अवजारे व सुधारलेल्या पद्धती पाहावयास मिळाव्यात म्हणून किंग एडवर्ड शेतकी संस्था स्थापिली.

चहाचा मळा उभा करणे म्हणजे किती धिमेपणाचे काम आहे, ह्याची कल्पना शहरातील मुलांस येणार नाही. बी प्रथम वाफ्यात पेरावे लागते व त्यावर मांडव घालून सावली करावी लागते. रोप साधारण वर्षाचे झाले म्हणजे पावसाच्या आरंभी ते उतारावर ओळीने लावावयाचे. ते वर वाढू पाहते, तर त्याची छाटणी करून त्यास झुडपाप्रमाणे पसरवावे लागते. तीनचार वर्षे त्यापासून काही हाती येत नाही. नुसती निंदणी, खत आणि राखण. कॉफीचेही तेच. तिला सावली पाहिजे म्हणून आधी पांगाऱ्यासारखी झाडे लावावयाची व त्यांच्या आडोशास कॉफी वाढवावयाची. म्हणजे एका झाडासाठी आधी दुसरे झाड वाढवावे लागते. आज लाविले आणि उद्या खाल्ले, असा हा व्यवहार नव्हे.

दुसरी बाजू पाण्याची. १९०७ च्या सुमारास महाराजांनी भोगावतीवर मोठे धरण बांधण्याचा बेत मुक्रर केला. धरणाच्या परिसरात जे गाव वसविले त्यास आपल्या कन्या राधाबाई अक्कासाहेब ह्यांचे नाव देऊन १९०८ मध्ये राधानगरी म्हटले. त्याच वर्षी अक्कासाहेबांचा विवाह देवासच्या राजघराण्यात झाला. तलावास महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव देण्यात आले. एका लहान संस्थानाने आपल्या खजिन्यातून एवढे धरण उभारावयाचे हे त्या काळी मोठे धाडस होते. काम १९०९ मध्ये सुरू झाले. परंतु खर्च फार, साधने अपुरी आणि त्यातच पहिले महायुद्ध आले. १९१८ च्या सुमारास भिंत अर्धीमुर्धी असतानाच पैशाअभावी काम थांबले. महाराजांच्या हयातीत ते पुरे होऊ शकले नाही. त्यांच्यामागे अनेक वर्षांनी, १९५० नंतरच्या दशकात, धरण पूर्ण झाले. आज त्यात आठ अब्ज घनफुटांहून अधिक पाणी साठते. पावसाळ्यात पाणी ठराविक पातळीस पोहोचले म्हणजे आपोआप उघडणारे त्याचे सात दरवाजे पाहावयास लांबून लोक येतात. भोगावतीच्या व पंचगंगेच्या काठचा ऊस ह्या पाण्यावर वाढतो. शेजारचे दाजीपूरचे रान, जे एके काळी छत्रपतींचे शिकारीचे राखीव रान होते, ते आता गव्यांसाठी प्रसिद्ध असलेले अभयारण्य आहे आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जागतिक वारशाच्या स्थळांत त्याचा समावेश झाला.

आणि चहाकॉफीचे काय झाले? ह्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. ते मळे मोठ्या धंद्यास पोहोचले नाहीत. चहा म्हटला म्हणजे आजही आसाम, दार्जिलिंग व निलगिरी ही नावे निघतात. कोल्हापूरचे नाव निघत नाही. आपल्या घाटात पाऊस पडतो खरा, पण तो चार महिन्यांत आटोपतो, आणि चहास तर थोडाथोडा का होईना वर्षभर ओलावा पाहिजे. माती मिळाली, उंची मिळाली, पण पावसाची वाटणी मिळाली नाही. अशा वेळी कित्येक वर्षे नेटाने पाणी घालून जोपासना करणारा धनी पाहिजे. महाराजांस तेवढे आयुष्य लाभले नाही.

मग हा सर्व उद्योग व्यर्थ गेला काय? ज्या दृष्टीने महाराजांनी डोंगराकडे पाहिले त्याच दृष्टीने ते माणसांकडेही पाहत होते, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या प्रश्नाचे उत्तर मिळते. ते गादीवर आले तेव्हा कोल्हापूरच्या सामान्य प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागांवर एकाच जातीचे लोक होते. बाकीच्यांस विद्येची आवड नाही व ती त्यांस झेपणारही नाही, असे त्या वेळी शहाणेसुरते लोकही म्हणत. एखाद्याने पन्हाळ्याच्या कातळावर रोप ठेवून, ते सुकल्यावर बीच वाईट होते असे म्हणावे, तसाच हा न्याय होता. महाराजांनी बियाणास दोष न देता आधी वाफा तयार करावयास घेतला.

त्याचा आरंभ कसा झाला ती हकीकत मनोरंजक आहे. पांडुरंग चिमाजी पाटील नावाचा खेड्यातील एक हुशार विद्यार्थी मॅट्रिक होऊन पुढील शिक्षणासाठी कोल्हापुरास आला होता. त्याच्या राहण्याजेवण्याची अडचण महाराजांच्या कानी आली. खेड्यातून येणाऱ्या मुलास शहरात पाय ठेवावयास जागा नाही, तेथे तो शिकणार कसा, हे त्यांच्या ध्यानी आले. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्यामागोमाग जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य, शिंपी, सारस्वत, ख्रिस्ती अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे निघाली; अस्पृश्य मुलांचे मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ मध्ये सुरू झाले. महाराजांनी ह्या वसतिगृहांस जागा दिल्या व उत्पन्ने लावून दिली. कोल्हापूर हे वसतिगृहांचे शहर म्हणून ओळखले जाऊ लागले. पाटील पुढे शेतकीशास्त्रात पारंगत होऊन पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य झाले. जैन वसतिगृहात राहून कोल्हापुरात शिकलेले आणि महाराजांच्या सहवासात वावरलेले भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढिली व खेडोपाडी शाळा नेल्या. वटवृक्ष हे त्या संस्थेचे बोधचिन्ह आहे. पन्हाळ्यावरच्या चहापेक्षा ही रोपे अधिक चिवट निघाली.

१९०२ मध्ये बादशहा सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त महाराज विलायतेस गेले. केंब्रिज विद्यापीठाने त्यांस सन्माननीय पदवी दिली. ते तिकडे असतानाच २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूरच्या गॅझेटात एक हुकूम प्रसिद्ध झाला. राज्यातील नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांस द्याव्या, असा तो हुकूम होता. ह्यावर मोठी टीका झाली, परंतु महाराज डगमगले नाहीत. पुढे १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. जे आईबाप मुलास शाळेत धाडणार नाहीत त्यांस दरमहा एक रुपया दंड ठेविला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांनी एकत्र बसावे असे ठरविले. ज्यास सावली पाहिजे त्यास काही काळ सावली द्यावी, पण मूळ धरल्यावर त्यास सर्वांबरोबर मोकळ्या उन्हात वाढू द्यावे, हा बागाइतीतील नियमच त्यांनी येथे चालविला असे म्हणता येईल.

चहाचा विषय निघालाच आहे, तर त्यासंबंधीची आणखी एक हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे अस्पृश्य समाजातील एक नोकर होते. इतरांच्या पाण्यास शिवल्याच्या कारणावरून त्यांस मारहाण झाली. महाराज त्या वेळी कोल्हापुरात नव्हते. परत आल्यावर त्यांस हे कळताच त्यांनी मारणाऱ्यांस कडक शासन केले आणि गंगारामांस स्वतंत्र धंदा करण्यासाठी मदत दिली. गंगारामांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर चहाचे दुकान काढिले. दुकान स्वच्छ, चहा चांगला. पण अस्पृश्याच्या हातचा म्हणून कोणी फिरकेना. हे ऐकून महाराजांनी फिरावयास जाताना आपली गाडी त्या दुकानापुढे उभी केली, चहा मागविला आणि भर रस्त्यावर सर्वांच्या देखत घेतला. बरोबरच्या मंडळींसही तो घ्यावा लागला. पुढे हा त्यांचा परिपाठच झाला. छत्रपती ज्या दुकानाचा चहा घेतात तेथे जाण्यास लोकांस मग संकोच कशाचा?

पेल्यात चहा कोठल्या मळ्याचा होता ह्यास येथे महत्त्व नाही. एका डोंगरावर चहा रुजविण्यास जी माती, सावली व पाणी पाहिजे, त्यापेक्षा एका माणसाने आपल्या दुकानात मानाने चहा विकावा ह्यासाठी अधिक काही लागते. आणि ते पुरविण्यासाठी राजास स्वतः गाडीतून थांबावे लागले, एवढी गोष्ट आपण ध्यानात ठेवावी.

महाराजांचे अखेरचे दिवसही कामातच गेले. मार्च १९२० मध्ये माणगाव येथे अस्पृश्य वर्गाची परिषद भरली. तीस ते स्वतः गेले आणि त्या वेळी तरुण असलेल्या डॉक्टर भीमराव आंबेडकरांकडे त्या समाजाचे भावी पुढारीपण आहे, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. आंबेडकरांच्या मूकनायक पत्रासही त्यांनी साहाय्य केले होते. ह्या सर्व दगदगीने त्यांची प्रकृती खालावली आणि ६ मे १९२२ रोजी मुंबईत, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. राधानगरीचे धरण अपुरे होते, डोंगरावरील मळे कोवळे होते. सक्तीच्या शिक्षणाच्या शाळांस पाच वर्षेही झाली नव्हती.

कोल्हापुरात छत्रपतींची एक जुनी बाग आहे. तिला लोक नर्सरी बाग म्हणतात. नर्सरी म्हणजे बी पेरून रोपे तयार करण्याची जागा. आपली समाधी ह्या बागेत व्हावी अशी इच्छा महाराजांनी १९१६ मध्येच व्यक्त केली होती. त्यांचे पहिले स्मारक ह्याच बागेत उभारण्यात आले आणि त्यासाठी पुढाकार घेतला तो चहाचे दुकान काढणाऱ्या त्या गंगाराम कांबळ्यांनी. समाधीची इच्छा पुरी व्हावयास मात्र जवळजवळ शंभर वर्षे लागली. २०२० मध्ये तेथे समाधिस्मारक लोकांसाठी खुले झाले.

विद्यार्थिमित्रांनो, पुढेमागे सहलीस राधानगरीस गेलात तर धरणाच्या भिंतीवर उभे राहून खालच्या खोऱ्याकडे पाहा. ही भिंत ज्याने घालावयास घेतली त्याने ती पुरी झालेली पाहिली नाही. चहाची जी रोपे त्याने लाविली ती टिकली नाहीत. आणि ज्या मुलांस त्याने राहावयास खोली व शिकावयास शाळा दिली त्यांची मुले-नातवंडे आज शाळाशाळांतून शिकत व शिकवीत आहेत. तुमच्याही वर्गात एखादा मुलगा अभ्यासात मागे असेल, एखादी मुलगी गप्प बसून राहत असेल. त्यांच्या बुद्धीस नावे ठेवण्यापूर्वी त्यांस घरी दिवा आहे काय, पुस्तक आहे काय, शेजारी बसवून घेणारे कोणी आहे काय, एवढे पाहा. आणि पालकांसही नम्रपणे सुचवावेसे वाटते की, तीनचार वर्षे फळ दिसले नाही म्हणून रोप उपटून टाकण्याची घाई करू नये.